दगडफुलावरचं दगडफूल: बांडगूळ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कोरड्या प्रदेशात एका दगडफुलावर दुसरं दगडफूल वाढतं आणि पहिल्याला खाऊन टाकतं. त्याला मराठीत ‘बांडगूळ’ म्हणता येईल का?

म्हणू नये. आंब्यावरचं बांडगूळ जवळून बघा. त्याला स्वतःची हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतःच तयार करतं. फांदीत मूळ घुसवून ओढतं ते पाणी आणि क्षार. इथे चोरी वेगळीच आहे. दगडफूल हा एक शैवाक (लायकेन). शैवाक म्हणजे शैवल आणि कवक (बुरशी) यांचा एकत्र संसार, त्यात अन्न रांधतं ते शैवल. डिप्लोस्किस्टिस मस्कोरम हा शैवाक कोवळेपणी क्लॅडोनिया या दुसऱ्या शैवाकावर उगवतो आणि त्याचं ट्रेबॉक्सिया शैवलच ताब्यात घेतो. पुढे स्वतंत्र झाला की ट्रेबॉक्सियाची दुसरी जात धरतो. म्हणजे पाणी नव्हे, स्वयंपाकीच पळवला! उघड्या, तापलेल्या दगडावर पडलेल्या कवकाच्या बीजाणूला जोडीदार शैवल मिळणं कठीण. दुसऱ्या शैवाकाच्या अंगावर ते आयतं असतं.

‘दगडफूल’ही मी इथे वापरणार नाही. कोल्हापुरात दगडफूल म्हणजे चटणीच्या मसाल्यातलं, वरून राखाडी, खालून काळपट, पापुद्र्यासारखं हलकं. कोरड्या भागातले कितीतरी शैवाक दगडाला रंग फासल्यासारखे चिकटलेले असतात, नखानंही सुटत नाहीत.

म्हणून शब्द सुचवतो: ‘शैवाकोपजीवी शैवाक’, म्हणजे शैवाकावर जगणारा शैवाक. लांब आहे, पण नेमका आहे. ज्याच्याकडे स्वतःचं शैवल नाही तो नुसता ‘शैवाकोपजीवी कवक’; अशा कवकांच्या 2000 च्या आसपास जाती माहीत आहेत. ‘परजीवी’ मात्र सरसकट लावू नका. त्यात यजमानाचं नुकसान गृहीत धरलेलं असतं आणि अंगावर राहणारा प्रत्येक जण नुकसान करतोच असं नाही. ‘उपजीवी’ तेवढा आरोप करत नाही.

शब्द लावण्याआधी खात्री करायची ती अशी: 10 पट भिंग घ्या, थेंबभर पाणी टाका, रंग उजळून कडा स्पष्ट होतात. मग सुईनं वरचा थर कडेशी अलगद उचला. खाली यजमानाचा फिकटलेला, मेलेला थर सापडला तर परजीवी म्हणायला आधार आहे. दोघांच्या मध्ये नुसती काळी रेघ दिसली, तर ते एकमेकांना भिडलेले शेजारी. फसगत होते ती बहुतेक इथेच.