कोलोरॅडोत एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला .२७० विंचेस्टर रायफल पुरेल का? नेम कुठे धरायचा?

हो, पुरते, फक्त १४०-१५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाची बाँडेड, म्हणजे शिसं आवरणाला पक्कं जोडलेली, किंवा १३० ग्रेनची सबंध तांब्याची गोळी घ्या आणि ३०० यार्डांच्या आत राहा. कोलोरॅडोचा नियम याहून बराच सैल आहे: किमान .२४ कॅलिबर (गोळीचा इंचांतला व्यास), ८५ ग्रेनची पसरणारी गोळी, १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा. ती कायद्याची तळाची मर्यादा, तिच्या भरवशावर जाऊ नका. हरणासाठीची पातळ आवरणाची गोळी एल्कच्या खांद्याच्या हाडावर फुटू शकते, मग फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. .३०-०६ किंवा ७ एमएम मॅग्नम या जास्त ताकदीच्या रायफली चुकीला थोडी जास्त सवलत देतात, पण बंदुकीच्या धक्क्याच्या धास्तीने ट्रिगर झटकत असाल तर .२७०च बरी.

जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा आणि छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. तिरकं, तोंड पलीकडे असेल तर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांसमोर ठेवा; गोळी बरगड्यांतून तिरकी आत जाते. वीतभर मागे लागली की कोठा फुटतो, मांस नासतं, माग काढता काढता रात्र होते. पाठमोऱ्यावर झाडूच नका. गोळी लागूनही एल्क काही क्षण तसाच उभा राहतो. उभा आहे तोवर दुसरी मारा.