वारंवार उडणारा पार्किंग लाइटचा फ्यूज

प्रश्न : माझ्याकडे १० वर्षे वापरलेली पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक गाडी आहे. जूनपासून तिचा पार्किंग लाइटचा १० अँपिअरचा फ्यूज दर दोन-तीन दिवसांनी उडतो. मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरमधला प्रकाश एकदमच जातो. ब्रेक लाइट मात्र लागतात. कुंभार्ली घाटातून रात्री येताना मागे दिवे नसल्याचे मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून लक्षात आणून दिले. सामान काढण्यासाठी वाटेत थांबलो होतो, तेव्हा दिवे लागत होते. गॅरेजमध्ये आता २० अँपिअरचा फ्यूज बसवून दिला आहे. तो टिकला आहे, परंतु अधूनमधून प्लास्टिक तापल्यासारखा वास येतो. काय करावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर्वप्रथम तो पिवळा २० अँपिअरचा फ्यूज आजच काढून टाकावा आणि दोष सापडेपर्यंत गाडी रात्री बाहेर काढू नये. फ्यूज हा दिव्यांच्या नव्हे, तर वायरच्या रक्षणासाठी असतो. पार्किंगच्या दिव्यांना जाणारी वायर बारीक असते आणि तिला झेपेल एवढ्याच प्रवाहाचा फ्यूज कंपनीने नेमून दिलेला असतो. दुप्पट क्षमतेचा फ्यूज बसवला की जे काम फ्यूजने करायचे ते वायर करू लागते, म्हणजेच वितळू लागते. आपल्याला येणारा वास बहुधा त्याचाच आहे.

आता थोडा हिशेब करू. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबर प्लेटचे एक-दोन असे ५ वॅटचे दिवे धरले, तर सुमारे ३० वॅट होतात. १२ व्होल्टला हा प्रवाह अडीच अँपिअरच्या आसपास येतो. मीटरमधले दिवे मिळवले तरी १० अँपिअर फार दूर राहतात. त्यामुळे हा जास्त भाराचा प्रश्न नाही. कुठेतरी उघडी पडलेली वायर बॉडीला टेकते आहे. ब्रेक लाइटचा फ्यूज वेगळा असल्याने तो शाबूत राहतो.

सामान काढल्याचा जो ओझरता उल्लेख आपण केला आहे, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरी डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात आणि डिकीच्या प्रत्येक उघडझापीला तिथे वाकतात. १० वर्षांत त्यांचे आवरण ताठर होऊन तडकते. बाहेरून रबर धडधाकट दिसते, म्हणून तिथे कोणी पाहत नाही.

खात्रीसाठी फ्यूज खर्च करू नयेत. एका उडालेल्या फ्यूजच्या दोन्ही पायांना वायरी जोडून त्यांच्या टोकांना २१ वॅटचा बल्ब लावावा आणि हे पाय फ्यूजच्या जागी बसवावेत. आता कितीही शॉर्ट झाला तरी पावणेदोन अँपिअरच्या आसपासच प्रवाह वाहील. पार्किंगचे सर्व बल्ब होल्डरमधून काढून स्विच चालू करावा. बल्ब बंद किंवा मंद असेल, तर एखाद्या मदतनिसाला डिकी सावकाश उघडझाप करायला सांगावे. ज्या क्षणी बल्ब भगभगीत पेटेल, तिथे दोष हाती लागला. बल्ब पहिल्यापासूनच पूर्ण प्रकाशाने जळत असेल, तर एकेक कनेक्टर सोडवत जावे. ज्याने तो विझेल त्या शाखेत शॉर्ट आहे. डिकी निर्दोष ठरली, तर नंबर प्लेटच्या होल्डरमधला हिरवा गंज, नंतर बसवलेल्या कॅमेऱ्याची जोडणी आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी याच क्रमाने पाहाव्यात. हा प्रयोग दिव्यांच्या सर्किटपुरताच करावा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावू नये.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी. रबरी नळी एका बाजूने सोडवली की बहुतेकदा एक नव्हे, तीन-चार वायरी तडकलेल्या आढळतात. त्या सर्वच बदलाव्यात. नवीन वायर तेवढ्याच जाडीची आणि बारीक तारांची लवचीक घ्यावी. सांधे वाकणाऱ्या भागाबाहेर ठेवावेत, कारण सोल्डर केलेली वायर वाकवली की सांध्याच्या कडेलाच तुटते. त्यावर तापवून आकसणारी स्लीव्ह चढवावी. नुसत्या टेपचा डिंक उन्हाळ्यात सुटतो. रबर खाचेत नीट बसवावे, नाहीतर पुढच्या पावसात डिकीत पाणी येईल.

मग लाल १० अँपिअरचा फ्यूज लावून, दिवे चालू ठेवून डिकी २०-२५ वेळा उघडझाप करून पाहावी. २० अँपिअरच्या फ्यूजवर गाडी चालली असल्याने फ्यूज बॉक्सच्या मागची वायरही तपासून घ्यावी. तिचे आवरण कडक किंवा काळपट झाले असेल, तर तेवढा तुकडा बदलावा लागेल.