वळताना चाकातून कटकट आवाज येतो. ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) घरी बदलता येईल का?

येईल, पण आधी दोष शाफ्टचाच आहे ना, ते बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना कटकट येत असेल आणि चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असेल, तर बहुधा बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टचा चाकाकडचा, वळतानाही फिरणारा सांधा) गेलाय. सरळ जाताना, वेग घेताना थरथर येत असेल तर संशय आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर.

खरी झुंज हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मधल्या मोठ्या नटाशी. तो चाक जमिनीवर असतानाच, कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवून सैल करा. मग गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चाक काढा, खालचा गोल सांधा म्हणजे लोअर बॉल जॉइंट सोडवा, नकल (हबला धरून ठेवणारा भाग, knuckle) बाहेर ओढून शाफ्ट हबमधून मोकळा करा. अडकला तर नट टोकाला लावून ठोका. उघड्या आट्यांवर हातोडा बसला की काम वाढलंच.

गिअरबॉक्सकडचं टोक पहारीने उचकटा. शाफ्टला धरून हिसडे दिलेत तर आतला जॉइंटच निखळेल. ऑइल सांडणार, खाली ट्रे ठेवा. ऑइल सीलही (तिथून ऑइल गळू न देणारी रबरी कडी) आताच नवं टाका, नाहीतर गळती लागली की हाच खटाटोप पुन्हा.

बसवण्याआधी जुना-नवा शाफ्ट शेजारी ठेवून लांबी, स्प्लाइनचे (टोकावरच्या उभ्या खाचांचे) दाते आणि एबीएस रिंग (चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरसाठीची कडी) ताडून पाहा. नट नवाच वापरा, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याइतका, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणारा पाना) घट्ट करा. शेवटी गिअर ऑइलची पातळी बघा.