४० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, तर ४ जीबीची फाईल किती वेळात उतरेल?

अहो इथेच सगळे फसतात, ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हे, ते मेगाबिट असतात आणि फाईलची साईज मेगाबाईटमधे, ८ बिटचा १ बाईट, म्हणून आधी स्पीडला ८ ने भागायचं. ४० भागिले ८ म्हणजे सेकंदाला ५ एमबी. ४ जीबी म्हणजे साधारण ४००० एमबी, भागिले ५ केलं की ८०० सेकंद, म्हणजे तेरा-साडेतेरा मिनिटं.

पण हे झालं कागदावरचं. डेटा छोट्या छोट्या पॅकेटमधे येतो आणि प्रत्येक पॅकेटला पत्ता वगैरे चिकटवलेला असतो, त्यातच थोडा स्पीड जातो, शिवाय वायफाय लांब असेल, घरात दुसरं कोणी व्हिडिओ बघत असेल किंवा समोरचा सर्व्हरच हळू असेल तर तुमचं कनेक्शन कितीही फास्ट असून काही उपयोग नाही. मी तर सरळ १० ने भागतो, तोंडी हिशोब पण सोपा आणि उत्तर पण खऱ्याच्या जवळ येतं. ४० ला १० ने भागलं तर ४, म्हणजे १००० सेकंद, १६-१७ मिनिटं धरून चाला.

आणि हो, फाईल पाठवायची असेल तर अपलोडचा स्पीड बघा, बऱ्याच कनेक्शनला तो डाउनलोडपेक्षा खूप कमी असतो. अपलोड ५ एमबीपीएस असेल तर हीच फाईल जायला पावणेदोन तास तरी लागतील. हजारो छोट्या फाईली असतील तर आधी झिप करा, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच फाईल बनवा, एकेक पाठवण्यात फार वेळ जातो.