घरातल्या संगणकांमध्ये फाइल संथ का जाते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांतल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार आहे: घरातल्या एका संगणकावरून शेजारच्या खोलीतल्या संगणकावर फाइल पाठवायला तासन्‌तास लागतात. जवळजवळ प्रत्येकाने काहीही मोजून पाहण्याआधीच नवा राऊटर, मोठा इंटरनेट प्लॅन किंवा नवी केबल विकत घेतलेली आहे, आणि नंतर पत्र लिहिले आहे. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

त्याआधी एका घोळाचा निकाल लावतो. इंटरनेटचा प्लॅन आणि राऊटरचा खोका मेगाबिट सांगतो, तर फाइल कॉपी होताना पडद्यावर दिसणारा आकडा मेगाबाइटचा असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त ११ ते १२ मेगाबाइट आणि १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट जोडणीतून ११० ते ११५ मेगाबाइट मिळतात. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवावेत, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत त्यांचीच गरज पडणार आहे.

प्रश्न : माझा इंटरनेट प्लॅन १०० मेगाबिटचा आहे. तो ३०० चा केला, तर घरातल्या दोन संगणकांमध्ये फायली लवकर जातील का? (ठाणे)

नाही. घरातली फाइल राऊटरपर्यंत जाऊन तिथूनच परत फिरते, ती घराबाहेर पडतच नाही. तेव्हा प्लॅनवर एक रुपयाही जास्त खर्च करू नये.

प्रश्न : दोन संगणक केबलने थेट एकमेकांना जोडायचे असतील, तर ‘क्रॉस’ केबल बनवून घ्यावी लागते असे दुकानदार म्हणतो. खरे आहे का? (नांदेड)

गिगाबिट पोर्ट (केबल खोचण्याची खाच) असलेल्या संगणकांना तिची गरज नाही. साधी केबल चालते, कारण तारांची अदलाबदल पोर्ट स्वतःच ओळखून करतो.

प्रश्न : मी घरून लग्नाच्या छायाचित्रणाचे काम करतो. एका समारंभाचे ४० गिगाबाइटचे काम एडिटिंगच्या संगणकावर पाठवायला तासभर लागतो. दोन्ही संगणक केबलवर आहेत, दोन्हींचे पोर्ट गिगाबिटचे आहेत. ‘१२००’ लिहिलेला नवा राऊटर घेतला, तरी वेग ११.३ मेगाबाइटच्या वर सरकत नाही. फ्लॅटमधली केबल बिल्डरने भिंतीतून टाकून दिलेली आहे. आता आणखी महाग राऊटर घ्यावा का? (कोल्हापूर)

राऊटर घेऊ नये. आपण लिहिलेला ११.३ हा आकडाच दोष कुठे असावा ते सांगतो. वायफाय खराब असेल किंवा डिस्क थकली असेल, तर वेग सतत वरखाली होतो. तो ११ च्या आसपास असा भिंतीला टेकल्यासारखा स्थिर राहतो, तेव्हा वाटेत कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरलेली असते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या, म्हणजे केबलच्या जोडणीच्या, पानावर ‘लिंक स्पीड’ अशी ओळ असते. दोन्ही संगणकांवर ती पाहावी. जिथे १०००/१००० ऐवजी १००/१०० दिसेल, त्या बाजूला दोष आहे.

पहिला संशय राऊटरवरच घ्यावा लागतो, आणि येथे ग्राहकाची सरळ दिशाभूल होते. खोक्यावरचा १२०० हा आकडा केवळ वायफायचा असतो आणि तोही दोन वेगळ्या पट्ट्यांची बेरीज करून काढलेला असतो: २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७. या वर्गातल्या अनेक स्वस्त राऊटरांच्या मागचे केबलचे पोर्ट आजही १०० मेगाबिटचेच असतात, आणि ती माहिती खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडते. आपल्या राऊटरच्या माहितीपत्रकात ‘लॅन पोर्ट’ या शब्दांपुढे १०/१००/१००० असे लिहिले आहे की नुसतेच १०/१००, ते आजच पाहावे. १०/१०० असेल, तर घरातल्या संगणकांपुरता पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच, म्हणजे अनेक केबली एकमेकींना जोडणारी डबी, लावला की काम होते.

राऊटर निर्दोष निघाला, तर प्रश्न भिंतीतल्या केबलचा आहे, आणि याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण नव्या घरांत हा दोष मला पुन्हापुन्हा दिसतो आणि एकदा गिलावा झाला की तो दुरुस्त करणे फार महागात पडते.

लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यांतल्या दोनच जोड्या लागतात. गिगाबिटला चारही लागतात. १९९९ साली केबलवरच्या गिगाबिटचे मानक आले, तेव्हापासून हा नियम आहे. त्यामुळे एखादी तार तुटली, कनेक्टरमध्ये नीट बसली नाही किंवा बसवलीच नाही, तरी नेटवर्क बंद पडत नाही. दोन्ही टोकांची उपकरणे बहुतेक वेळा निमूटपणे १०० वर उतरतात. इंटरनेट चालते, चित्रपट दिसतो आणि दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

एका नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये अशाच तक्रारीवरून मी दिवाणखान्यातली भिंतीवरची प्लेट उघडली होती. डबीच्या तळाशी सिमेंटची भुकटी साचली होती. नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या चार तारा सॉकेटमध्ये व्यवस्थित ठोकलेल्या होत्या. निळी आणि तपकिरी जोडी मात्र वेगळी काढून, चिकटपट्टी गुंडाळून, शेजारच्या इंटरकॉमच्या फोनला दिलेली होती. एक स्वतंत्र वायर वाचावी म्हणून कोणीतरी ते केले होते. घरमालकांनी तोवर दोन राऊटर बदलले होते. त्याच प्लेटमधली एक तार मी पात्याने खरवडली, तर वरचा तांबूस थर निघून आत चंदेरी रंग दिसला.

तो चंदेरी रंग अ‍ॅल्युमिनियमचा होता. तांब्याचा पातळ मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल ‘कॅट ६’ (कॅट म्हणजे केबलची प्रतवारी) असे छापून बाजारात सर्रास विकली जाते आणि दुकानात तिला सीसीए म्हणतात. नेटवर्क केबलच्या मानकांत तांब्याचीच तार अपेक्षित आहे; सीसीए त्यांत बसत नाही. तिचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, दोनचार वेळा वाकवली की तार आतल्या आत तुटते आणि कनेक्टरमधली पकड काही काळाने सैल होते. लहान अंतरावर ती चालतेही, आणि म्हणूनच विकणाऱ्याचे फावते. भिंतीत मात्र ती कधीही घालू नये. विकत घेताना पक्क्या बिलावर ‘शुद्ध तांबे’ असे लिहून मागावे. दुकानदार लिहून द्यायला कां-कू करू लागला, तर केबल तिथेच ठेवून निघावे. घरासाठी चांगल्या तांब्याची कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिटला पुरते, त्यामुळे मोठ्या आकड्याच्या हलक्या केबलपेक्षा लहान आकड्याची खरी केबल घेणे शहाणपणाचे आहे.

आणखी एक गोष्ट धोक्याची आहे. काही ठिकाणी वायरमन खर्च आणि कष्ट वाचवण्यासाठी लॅन केबल २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच पाइपातून ओढतात. तिथे वेगाआधी जिवाचा प्रश्न येतो. म्हणून भिंतीवरची प्लेट स्वतः उघडू नये. मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला ती उघडायला सांगावी आणि आठही तारांची टेस्टरवर तपासणी नेटवर्कचे काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. बहुतेक घरांत दोन टोकांचे कनेक्टर नव्याने बसवले की काम भागते. चारही जोड्या सुरळीत झाल्या आणि डिस्कने साथ दिली, तर आपले ४० गिगाबाइट साधारण सहा मिनिटांत पोहोचतील.

प्रश्न : दोन्ही लॅपटॉप वायफायवर आहेत आणि फाइल जेमतेम अडीच मेगाबाइटने जाते. विक्रेत्याने रिपीटर लावायला सांगितले आहे. (पिंपरी-चिंचवड)

रिपीटरने रेंज वाढते, वेग वाढत नाही. एकाच रेडिओवर ऐकून त्याच रेडिओवर पुढे पाठवणारा साधा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो. आपल्या घरात हवेतली वाट आधीच दोनदा खर्च होते आहे: फाइल एका लॅपटॉपवरून राऊटरकडे जाते आणि तीच राऊटरकडून दुसऱ्या लॅपटॉपकडे येते, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. २.४ गिगाहर्ट्झवर साध्या लॅपटॉपला ७२ मेगाबिटची जोडणी मिळते, प्रत्यक्षात त्यातले निम्म्याच्या आसपास हाती येते आणि त्याचेही दोन वाटे होतात. तुमचा अडीचचा आकडा तिथून आला आहे. शिवाय या पट्टीवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि दाट वस्तीच्या इमारतीत त्यांवर वीस-पंचवीस घरे असतात.

दोन्ही लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत आणि शक्य असेल तर निदान एक तरी केबलने जोडावा. ५ गिगाहर्ट्झ पर्याय दिसतच नसेल, तर लॅपटॉपचे वायफाय कार्ड जुने असण्याची शक्यता आहे. कार्ड बदलण्याआधी त्या लॅपटॉपच्या सेवा केंद्रात विचारून घ्यावे.

प्रश्न : विंडोज इंटरनेटचा २० टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवते, तो रजिस्ट्रीत बदल करून मोकळा करता येतो, असा संदेश आला आहे. (अमरावती)

ही विंडोज एक्सपीच्या काळापासून फिरणारी अफवा आहे; मायक्रोसॉफ्टने तिचा खुलासा तेव्हाच केलेला आहे. रजिस्ट्रीला, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीला, हात लावू नये.

प्रश्न : एक मोठी चित्रफीत १०० मेगाबाइटच्या वेगाने जाते, पण साठ हजार छोट्या फायलींचे फोल्डर पाठवताना वेग एक-दोन मेगाबाइटवर येतो. नेटवर्क बिघडले आहे का? (नाशिक)

नेटवर्क उत्तम आहे. चित्रफितीनेच ते सिद्ध केले. प्रत्येक फाइल उघडणे, तिची परवानगी तपासणे, नाव-तारीख लिहिणे आणि ती बंद करणे, यासाठी दोन संगणकांत दरवेळी निरोपांची देवाणघेवाण होते आणि फाइल लहान असेल तेव्हा मजकुरापेक्षा हे सोपस्कारच जास्त वेळ खातात. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिचा काटा प्रत्येक फाइलसाठी जागा बदलत राहतो. फोल्डरची एकच झिप फाइल करून पाठवावी, किंवा विंडोजमधल्याच रोबोकॉपी या आज्ञेला एकाच वेळी अनेक फायली पाठवण्याचा पर्याय देऊन काम करावे. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो हे खरे आहे. पण म्हणून तो बंद करू नये. कार्यालयीन हिशेबाच्या फायली असतील, तर आपल्या संगणक सल्लागाराला विचारल्याशिवाय त्याला अपवादही नेमून देऊ नये.

प्रश्न : नव्या विंडोजवर माझी जुनी नेटवर्क डिस्क दिसेनाशी झाली. एका व्हिडिओत ‘एसएमबी १’ चालू करा, फायरवॉल बंद करा, म्हणजे ती दिसेल आणि वेगही वाढेल, असे सांगितले आहे. (मडगाव)

कृपया यांपैकी काहीही करू नये. फायरवॉल बंद केल्याने वेग वाढत नाही. एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची सर्वांत जुनी आवृत्ती, आणि मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातल्याच त्रुटीचा वापर केला होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्यात कोलमडले. त्या त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती, लोकांनी ती वेळेवर बसवली नाही. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ मुळातूनच वगळायला सुरुवात केली. शिवाय ही आवृत्ती पुढच्या आवृत्त्यांहून संथ आहे, त्यामुळे वेग वाढतो हा दावाही चुकीचा आहे.

आपल्या डिस्कच्या कंपनीच्या संकेतस्थळावर नवे फर्मवेअर (डिस्कच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) आहे का ते पाहावे आणि डिस्कच्या सेटिंग्जमध्ये एसएमबी २ किंवा ३ निवडावे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत, पासवर्डाविना पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेश बंद झाला आहे आणि जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आहे. तेव्हा डिस्कवर नाव आणि पासवर्ड असलेले खाते तयार करून पाहावे. एवढे करूनही डिस्क दिसली नाही, तर तिच्यातला मजकूर जाणकाराच्या मदतीने काढून घेऊन डिस्क बदलावी.

प्रश्न : कॉपी सुरू होताना वेग ११० असतो, मग २० वर येतो आणि कधीकधी काही मिनिटे शून्यावर थांबतो. ज्या संगणकावर फायली आहेत, त्याच्या हार्ड डिस्कमधून अधूनमधून ‘टिक टिक’ असा आवाज येतो. सहा महिन्यांपासून हे चालू आहे. केबल बदलून पाहिली. मुलांच्या लहानपणचे सगळे फोटो त्यावरच आहेत. (सोलापूर)

सहा महिने वाट पाहायला नको होती. सुरुवातीचा ११० चा वेग आपले नेटवर्क ठणठणीत असल्याचे दाखवतो. वेग ११० वरून खाली येऊन एका पातळीवर टिकला असता, तर दुसऱ्या बाजूच्या डिस्कची तात्पुरती साठवण भरली, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. पण शून्यावर थांबणे आणि टिकटिक हे दोन्ही एकत्र येते, तेव्हा डिस्क तोच भाग पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे आणि तिला तो वाचता येत नाही, असे धरून चालावे.

तो संगणक आत्ताच बंद करावा. डिस्क तपासणारी आज्ञा चालवू नये, कारण आजारी डिस्कवर ती तासन्‌तास ताण आणते. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. आत दव धरून उरलीसुरली आशाही जाते. डिस्कचे झाकण उघडू देऊ नये. डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे ती न्यावी, फोटोंचे फोल्डर कोणते ते त्यांना लिहून द्यावे म्हणजे ते आधी काढता येतील, आणि काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. संगणक पुन्हा चालू करून ‘एकदा शेवटचे’ पाहण्याचा मोह मात्र टाळावा. हे पत्र छापून येईपर्यंतही थांबू नये, म्हणून हे उत्तर आपल्याला आधीच स्वतंत्रपणे कळवले आहे.