अंगठा लागला, पण कुणाचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या चुलत्यांच्या खात्यातून लागोपाठ दोन दिवस दहा-दहा हजार रुपये गेले. ओटीपी आला नाही, एटीएम कार्ड घरातच होतं. बँकेत सांगतात, आधारवर अंगठा लावून पैसे काढलेत. चुलते दोन्ही दिवस शेतात होते. मग अंगठा लागलाच कसा? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी पैशांचं बघू, कारण उशीर तिथे नडतो. आज, आत्ता १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवा. मग बँकेत लेखी अर्ज द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. अर्जात प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम आणि बारा आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. सात कामकाजाच्या दिवसांपर्यंत कळवलं तर काही मर्यादेपर्यंतच येतो. म्हणून पोचेवरची तारीख जपा.

आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांतल्या प्रमाणीकरणाची, म्हणजे आधारवर झालेल्या ओळख-तपासणीची, यादी निघते. कधी, कोणत्या संस्थेमार्फत, बोटाने की ओटीपीने, हे सगळं तिच्यात असतं. ती छापून अर्जाला जोडा.

आता अंगठ्याचं. आधारवरून पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. आणि जुन्या खरेदीखतांत, त्यांच्या झेरॉक्समध्ये आधारची प्रत आणि शाईचा ठळक अंगठा दोन्ही एकाच गठ्ठ्यात सापडतात. २०१८ मध्ये तेलंगणात नोंदणीच्या कागदांवरून रबराचे ठसे बनवून सिमकार्डं चालू केल्याचं उघड झालं, ते याच वाटेने.

यंत्र फसतं ते त्याच्या पाहण्याच्या पद्धतीमुळे. दुकानातल्या साध्या यंत्रात काचेखालून प्रकाश पडतो. बोटाची उंच रेघ काचेला टेकते तिथे प्रकाशाचं परावर्तन मोडतं, खाचेत हवा असते तिथे मोडत नाही. त्यातून काळ्या-पांढऱ्या रेघांचं चित्र तयार होतं. दोन रेघांत अंतर साधारण अर्धा मिलिमीटर आणि यंत्राची नजर इंचाला ५०० ठिपक्यांची, म्हणजे एका रेघेच्या वाट्याला जवळजवळ दहा ठिपके येतात. रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, एवढाच नकाशा यंत्र जुळवतं. हे सगळं चांगल्या शाईच्या ठशातही असतं. काचेवर टेकलेली वस्तू जिवंत आहे का, हा प्रश्न साधं यंत्र विचारतच नाही. योकोहामाच्या विद्यापीठातल्या त्सुतोमु मात्सुमोतो यांच्या गटाने २००२ मध्ये खाण्याच्या जिलेटिनची बोटं करून अकरा यंत्रांवर लावून पाहिली आणि बहुतेक वेळा ती चालली. जिलेटिनमध्ये पाणी असतं, त्यामुळे विजेच्या भारावर चालणारी यंत्रंसुद्धा चकली.

आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये यावर उपाय जाहीर केला : नुसता नकाशा न जुळवता बोटाचं पूर्ण चित्रही तपासायचं आणि बोट जिवंत आहे का ते पाहायचं. ‘एल-वन’ दर्जाच्या यंत्रांत ठशाची माहिती यंत्राच्या आतच सुरक्षित जागी सांकेतिक होते. जुन्या ‘एल-झिरो’त हे काम बाहेर, जोडलेल्या संगणकात व्हायचं. पण शेवटी चुलत्यांच्या हातात असलेला मुख्य उपाय म्हणजे बायोमेट्रिक कुलूप, म्हणजे आपल्या आधारवर अंगठा चालणंच आपण स्वतः बंद करून ठेवायचं.

प्रश्न : हे कुलूप लावलं तर रेशन बंद होईल का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : अंगठ्याने मिळणार नाही, हे खरं. बोट, डोळा आणि चेहरा तिन्ही एकदम बंद होतात आणि यंत्रावर ३३० ही त्रुटी दिसते. ओटीपी मात्र चालू राहतो. दुकानात जायच्या आधी आधारच्या ॲपमध्ये कुलूप तात्पुरतं उघडा. दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं. म्हणून रांगेत नंबर जवळ आला की मगच उघडायचं. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यालाही हेच करावं लागेल. त्यासाठी मोबाइल आधारला जोडलेला हवा. तो नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन ते काम उरका.

प्रश्न : आमच्या कारखान्यात चाळीस कामगार आहेत. हजेरीचं यंत्र घ्यायचंय. विक्रेता म्हणतो, ‘नकली बोट चालणारच नाही.’ खरं मानायचं का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : शब्दावर नका जाऊ, आयएसओ ३०१०७-३ या, नकली बोट ओळखण्याच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे केलेल्या चाचणीचा अहवाल मागा. त्यात दोन आकडे बघा : नकली वस्तू किती वेळा आत गेल्या आणि खरी बोटं किती वेळा नकली ठरली. दुसरा आकडा विक्रेते सांगत नाहीत, आणि तुम्हाला तोच जास्त छळेल. लेथवर काम करणाऱ्याचं बोट तेलकट, सिमेंट हाताळणाऱ्याचं कोरडं आणि झिजलेलं. जिवंतपणा तपासणारं यंत्र अशी खरी बोटं परत पाठवतं. मग दारात रांग लागते, आणि रांग हटवायला तंत्रज्ञ येऊन जुळणीचा उंबरठा, म्हणजे किती साम्य असलं की बोट पास करायचं ती मर्यादा, खाली आणतो. यंत्राची खरी वाट लागते ती इथे. उंबरठा उतरला की दुसऱ्याचं बोटही पास होऊ लागतं.

त्यामुळे विकत घ्यायच्या आधी आठवडाभर आपल्याच माणसांवर यंत्र चालवून बघा, सकाळी आणि पाळी सुटतानाही. प्रत्येकाची दोन्ही हातांची मिळून चार बोटं नोंदवा. काच दिवसातून दोनदा कोरड्या फडक्याने पुसा, घामाचा जुना ठसा तिच्यावर राहतो. आणि यंत्र पहारेकऱ्याच्या नजरेसमोर लावा. २०१३ मध्ये ब्राझीलमधल्या फेराझ दे वास्कोन्सेलोस इथे एक डॉक्टर सिलिकॉनची सहा बोटं घेऊन सहकाऱ्यांची हजेरी लावताना पकडली गेली. बोटावर चढवलेला थर जवळून ओळखता येतो : कडेला पातळ किनार, आणि कातडीपेक्षा वेगळी चमक. हात उलटा करून दाखवायला सांगितलं तरी पुरतं.

प्रश्न : मोबाइलच्या बोटकुलपाचं काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तिथे चोराकडे बोटाबरोबरच तुमचा फोनही असावा लागतो, आणि आयफोनवर पाचदा बोट चुकलं की पासकोड द्यावा लागतो. त्यामुळे रोजच्या वापराला ठीक. ‘पन्नास हजारांत एक’ हा ॲपलने टच आयडीसाठी दिलेला आकडा अनोळखी माणसाचं बोट चुकून जुळण्याचा आहे, मुद्दाम बनवलेल्या बोटाचा नव्हे. २०१९ मध्ये सॅमसंग एस-टेनवर काही सिलिकॉनची कव्हरं लावल्यावर भलत्याच बोटाने फोन उघडत होता; यंत्र कव्हरची नक्षीच ठसा समजत होतं. नवा स्क्रीनगार्ड लावला की जुने ठसे काढून पुन्हा नोंदवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचं बोट लावून एकदा तपासा.