फाइली उचलण्याआधी फॉन्ट उचला

वडिलांच्या विंडोज ९८ च्या मशीनवरची मराठी पत्रं लॅपटॉपवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि दुकानदार म्हणतो "व्हायरस आहे, फॉरमॅट मारू". तुमचं हे वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवला. २००७ मध्ये मला हेच ऐकवलं होतं, बहुतेक ह्याच सुरात. व्हायरस वगैरे काही नाही. मशीन दुकानात देऊ नका, दिलं असेल तर आज जाऊन परत आणा.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण ह्या एका बाबतीत पोळलेला आहे.

आमच्याकडे १९९८ मध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून जोडून घेतलेला पीसी आला. बत्तीस एमबी रॅम, तेव्हा भारी वाटायची. बाबांनी त्यावर चार वर्षं आठवणी टाइप केल्या, एकशेचाळीस पानं. युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकच ठरलेला नंबर देणारी पद्धत) देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्या विंडोजला तिचा पत्ता नव्हता. युनिकोडचा मंगल फॉन्ट घरगुती वापरात दिसायला लागला तो विंडोज २००० आणि एक्सपीपासून. तोवर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सीडॅकचे फॉन्ट, प्रत्येकाचा संसार वेगळा. कॉम्प्युटरच्या लेखी ती सगळी इंग्रजी अक्षरंच. मराठीचा मुखवटा तेवढा फॉन्टचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. (एका कंपनीचं दुसरीला वाचता येणार नाही अशी सोय ज्यांनी केली त्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, जिभेवर ताबा राहत नाही.)

माझी चूक अशी. नवीन मशीनवर बाबांच्या वर्ड फाइली आणल्या, फॉन्ट आणलाच नाही. चिवडा दिसला. रूपांतर करणाऱ्या एका प्रोग्रॅमला साधी टेक्स्ट फाइल लागते असं कळलं, म्हणून वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' करून टेक्स्ट निवडलं. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या सांकेतिक पद्धतीत साठवायची, ते विचारणारी चौकट आली. अक्षरं तर इंग्रजीच दिसतायत, मग यूएस-आस्की ही इंग्रजीपुरती जुनी पद्धत निवडली. खाली नमुन्यात मधली मधली अक्षरं लाल झाली होती. लाल भाग नीट सेव्ह होणार नाही असं वर स्वच्छ लिहिलेलं होतं. मला वाटलं, स्पेलिंग चुकलंय म्हणून लाल! सगळ्या फाइली तशाच केल्या. "आता घेतलंय सगळं" म्हणून जुनं मशीन भंगारवाल्याला दिलं, दीडशे रुपयांना, आणि नव्या मशीनवरच्या मूळ फाइलीही पुसल्या.

आस्कीत एकशेअठ्ठावीसच चिन्हं. आमच्या फॉन्टमधली बरीच जोडाक्षरं त्यापुढच्या जागांवर होती, ती सगळी प्रश्नचिन्हं झाली. रूपांतर झाल्यावर "वि?ालय" सहज लावता येतं. "आजोबा भयंकर ह?ी होते" इथेही हत्ती नाही, हट्टी, हे कळतं. पण शेवटच्या प्रकरणात एक वाक्य आहे: "नाना काकांचा प?ा माझ्या ट्रंकेत ठेवला आहे." पत्ता की पट्टा? ट्रंकेत एक चामड्याचा पट्टा निघाला, कागद एकही नाही. काकांशी संबंध तुटून चाळीस वर्षं झाली होती. बाबा तोवर गेले होते.

म्हणून तुम्हाला सांगतो. जुन्या मशीनची हार्ड डिस्क बाहेर काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने (जुन्या डिस्कची जोडणी यूएसबीला लावणारं साधन) लॅपटॉपला जोडा (विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह ड्रायव्हरशिवाय कळत नाही, त्या नादी लागू नका). पत्रांचं फोल्डर आणि विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे अख्खं फोल्डर, दोन्ही कॉपी करा. नेमका कुठला फॉन्ट ते शोधत बसू नका, सगळेच घ्या. वर्डमध्ये एका ओळीवर क्लिक केलं की वर फॉन्टचं नाव दिसतं. तो इन्स्टॉल केला की बहुधा मराठी उमटते. त्या काळी काही सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टला लॉक (एक छोटी डबी, तिच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे) लावावं लागे, पण ते टाइप करायला. वाचायला माझ्या अनुभवात नुसता फॉन्ट पुरतो. दिसायला लागलं की आधी पीडीएफ करा. युनिकोडमध्ये रूपांतर मग सावकाश, आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. रूपांतरात पहिली वेलांटी आणि रफार हमखास घसरतात, ते नजरेनेच तपासायचं.

फ्लॉप्या असतील तर त्यांची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे कोपऱ्यातली ती बारीक सरकपट्टी. भोक दिसलं की लिहिणं बंद. "डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का?" असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणा, दहादा विचारलं तरी नाही. आणि आतल्या चकतीवर पांढरी बुरशी दिसली (कोकणातल्या फ्लॉपीवर असतेच) तर ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं हेड जाईल.

मशीन सुरू करून पाहायचंच असेल तर आधी धूळ झटका. तारीख १९८० ची दाखवली तर घाबरू नका, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय इतकंच. फॉन्टचं नाव कळलं की इथे लिहा, कृतिदेव असेल तर माझ्याकडे एक चालणारी रूपांतराची युक्ती आहे.